शेंगांवरची चांदी

सुज्ञ वाचकहो, एका सुनेने एका लाकडी पेटीत काय निर्माण केले, आणि ती पेटी उघडल्यानंतर त्या घरातील सर्वांत मानी पुरुषाच्या मुखातून कोणते शब्द बाहेर पडले, त्याची हकीकत येथे यथामती सादर करीत आहे. सांगण्यात काही उणे राहिले तर तो दोष सांगणाऱ्याचा समजावा. घडलेल्या गोष्टीत काहीही उणे नाही.

सूनबाईने पेटीभोवतीची सुतळी सोडली आणि ती भिंतीकडे सरकून उभी राहिली. झाकण उघडण्याचा मान त्या घरात आप्पांचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा होता. गुडघ्यांनी वैर धरल्यापासून आप्पा खुर्चीत बसूनच सर्व कारभार हाकीत असत. म्हणून त्यांच्या मुलाने, थोरल्याने, पेटी उचलून त्यांच्या पुढ्यातील स्टुलावर ठेवली. ठेवताना ती किंचित आपटली.

"हळू! आत शेंगा आहेत, विटा नाहीत."

"हळूच ठेवली, आप्पा."

"तुझं हळू म्हणजे दुसऱ्याचं धाडकन."

कोपऱ्यात कांबळ्यांच्या घड्या घालीत बसलेल्या आई हसल्या. त्या आप्पांच्या पत्नी. "एवढा थोरला तुमच्यावरच गेलाय," त्या म्हणाल्या. "धाकटा शहाणा निघाला, शहरात नोकरी धरली. तिथे कोणी ओरडत तरी नाही त्याच्यावर."

ती खोली लांबट असून तिच्या एका भिंतीला जाळीच्या फळ्या एकावर एक बसविलेल्या होत्या. अंगणाच्या बाजूस एक रुंद दार होते व त्यातून सकाळचे ऊन उंबऱ्यापर्यंत येऊन थांबले होते. भिंती, फळ्या, कांबळी, इतकेच नव्हे तर दाराची कडीदेखील व्हॅनिलाच्या वासाने भारलेली होती. पाहुणे आत येताच डोळे मिटून खोल श्वास घेत. घरच्यांना मात्र तो वास बाहेरगावी गेल्यावरच, म्हणजे तो नसताना, जाणवत असे.

वेलीवरून तोडलेली व्हॅनिलाची हिरवी शेंग नाकाशी धरली, तर ती गवताच्या काडीइतकीच मुकी असते. तिला कढत पाण्यात बुडवून काढावे लागते, लोकरीच्या कांबळ्यात गुंडाळून घाम आणावा लागतो, दररोज थोडे ऊन दाखवून पुन्हा गुंडाळावे लागते, पुढे सावलीत सुकवावे लागते आणि शेवटी मेणकागद लावलेल्या पेटीत कित्येक महिने मिटून ठेवावे लागते. तेव्हा कुठे ती बोलू लागते. तिच्यातील त्या गोड सुगंधी द्रव्यास शास्त्रात व्हॅनिलिन असे म्हणतात. बहुतेक माणसांची त्याच्याशी गाठ आइस्क्रीमच्या वाटीत पडते. या घरातील माणसे त्याच्याच जिवावर लहानाची मोठी झाली होती.

क्वचित, अगदी क्वचित, एखाद्या पेटीत हे द्रव्य शेंगेच्या पोटात मावेनासे होते. मग ते सालीतून बाहेर येते आणि बारीक पांढऱ्या स्फटिकांच्या रूपाने शेंगेवर उभे राहते. त्याला घरात सगळे 'चांदी' म्हणत.

चांदी म्हटली की आप्पांची गोष्ट आलीच. तरुणपणी ते एका बड्या व्यापाऱ्याच्या वखारीत कामाला होते. तेथे एका पेटीला चांदी आली होती. ही गोष्ट त्यांनी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरण्यापूर्वी, सांगितलेली होती. "सुईसारखी बारीक असते," ते हात नाचवीत म्हणत, "उन्हात धरली की अशी लखलखते, अशी लखलखते, की माणसानं डोळा मिटावा!" थोरल्याला ही गोष्ट इतकी पाठ होती, की तो आप्पांच्या मागे उभा राहून ओठ हलवीत ती त्यांच्याबरोबर म्हणे, आणि आई त्याला चिमटा काढीत. शेंगांच्या बाबतीत आप्पांचे नाक इतके तिखट होते, की सारी बाजारपेठ त्यांना 'नाकवाले' म्हणून ओळखत असे. त्यामुळे त्यांची चांदीही तोंडावर कोणी नाकारीत नसे.

गेल्या हंगामाच्या शेवटी मात्र त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली. कढत पाण्याच्या भांड्याशी वाकणे, कांबळी उचलणे, अंगणात पसरणे, काहीच जमेना. एके दिवशी जेवता जेवता त्यांनी ताट बाजूला सारले व निकाल दिला.

"पुढल्या वर्षीपासून हिरव्या शेंगा तोडायच्या आणि व्यापाऱ्याच्या गाडीत टाकायच्या. ही खोली बंद."

वेली राखण्यात थोरल्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तथापि शेंगा मुरविण्याचे काम त्याच्या हाताला कधी मानवले नाही, हे तो जाणून होता. बोलली ती सूनबाई.

"आप्पा, एक हंगाम मला द्या."

"तुला?"

"इतकी वर्षं तुमची कांबळी उचलतेय. डोळे मिटून नव्हते उचलत."

आप्पांनी सारलेले ताट पुन्हा पुढे ओढले. "दिला," ते म्हणाले. "पण ऐक. पेटी पारखीबाईंसमोर जाणार. त्यांनी नाक मुरडलं, तर खोलीला कुलूप. मग रडायचं नाही."

"कुलूप लागलं तर किल्ली मी स्वतः तुमच्या हातात देईन," सूनबाई म्हणाली.

त्या हंगामात घरात शांतता अशी नव्हतीच. शेंगांची टोके पिवळसर होईपर्यंत सूनबाईने त्या वेलीवरच ठेविल्या, तेव्हा आप्पा खुर्चीतून ओरडले, "तडकतील! सगळ्या तडकतील!" ती रोज पहाटे वेलीखाली जाऊन प्रत्येक शेंग बोटांनी चाचपून येई आणि जिची वेळ झाली असेल तेवढीच तोडी. उन्हात पसरलेल्या शेंगा ती त्यांच्या मते फार लवकर गुंडाळी, तेव्हा ते म्हणत, "ऊन काय विकत आणलंय का? कशाला एवढी काटकसर?"

"त्यांना भाजायचं नाहीये, आप्पा. उबवायचंय."

"मला शिकवतेस?"

"छे! तुमच्या डोळ्यांसमोर चुकतेय. चुकलेच तर सांगायला तुम्ही आहातच की."

यावर आप्पा चहा मागवीत.

अशा रीतीने मुरविलेल्या शेंगांची ती पेटी होती. पारखीबाई त्याच सकाळी येणार होत्या. मिठाई व आइस्क्रीम यांच्या कारखान्यांसाठी त्या दूरदूर फिरून शेंगा निवडीत, आणि त्यांच्या नाकाने नाकारलेली पेटी दुसरे कोणी घेण्यास धजत नसे.

पेटी कशी उघडावी याविषयी आप्पांचा कडक दंडक होता. झाकण तिरके करून आधी वास घ्यायचा, मग पाहायचे, हात सर्वांत शेवटी लावायचा. मुलांनी उलट केले तर ते टपली मारीत. त्या सकाळी मात्र त्यांनी झाकण एकदम पूर्ण उघडले. कदाचित उत्सुकतेने हात चळला असेल. आधी नजर गेली.

आत सर्व पांढरे होते.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पूर्वी एका ओल्या हंगामात बुरशीने त्या घराचे सारे पीक नासविले होते. त्या पेट्या आप्पांनी स्वतःच्या हाताने मागच्या अंगणात जाळल्या होत्या. तेव्हापासून शेंगेवर पांढरा ठिपका जरी दिसला, तरी ते ती शेंग तत्काळ काढून फेकून देत. त्यांनी वास घेतलाच नाही. झाकण दाबून बंद केले आणि दोन्ही तळवे त्यावर ठेवून ते बसून राहिले.

"बुरशी," ते म्हणाले.

सूनबाईच्या हातातील सुतळी खाली पडली.

"नीट पाहिलंत का?" आईंनी विचारले.

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? वरपासून खालपर्यंत पांढरं आहे. थोरल्या, काडेपेटी आण. मागच्या अंगणात घे ही."

"पण आप्पा, पारखीबाई येतीलच आता…"

"म्हणून तर म्हणतोय! त्या यायच्या आत! माझ्या दारात त्यांनी ही पेटी उघडलेली मला बघायची नाही." मग आवाज उतरला. "पोरीनं कष्ट केले. नाही म्हणत नाही मी. पण झालं ते झालं."

थोरल्याने सूनबाईकडे पाहिले. ती पेटीकडे पाहत होती. तो स्वयंपाकघरात गेला. काडेपेटी शेगडीशेजारीच, नेहमीच्या जागी पडलेली होती. तो प्रथम डब्यांच्या मागे शोधू लागला, नंतर फळीवर, नंतर पिठाच्या पिंपामागे, आणि शोधण्याचे काम त्याने जितके लांबविता येईल तितके लांबविले.

इकडे सूनबाई पेटीजवळ गेली. आप्पांच्या तळव्यांखालून तिने झाकण हलकेच तिरके केले. त्या फटीतून जो वास बाहेर आला, तो भिंतींत भिनलेल्या वासाहून निराळा होता. दाट, उबदार आणि इतका गोड, की कोपऱ्यातील आईंची मान आपोआप वर झाली. कुबटपणाचा त्यात लवलेशही नव्हता. आप्पांनी मात्र बुरशीचा वास नको म्हणून श्वास रोखून तोंड फिरविले होते. सूनबाईने फटीतून एक शेंग काढून तळहातावर घेतली व ती दाराकडे चालू लागली.

"कुठे निघालीस ती घेऊन?"

"आप्पा, जरा इकडे येता?"

"आता काय राहिलंय?"

"ती चांदीची गोष्ट सांगा ना."

"ही गोष्टीची वेळ आहे?"

"खोली बंद होणार. मग इथे उभं राहून ती पुन्हा कोण सांगणार? एकदा ऐकू द्या."

मागणी अशी होती, की रागावणेही शक्य नव्हते. आप्पा गुडघ्यांवर हात देत उठले, भिंतीला धरीत दारापर्यंत आले आणि त्यांनी अंगणाकडे पाहत, कोणा परक्याची गोष्ट सांगावी तशा सुरात सुरुवात केली.

"वखारीत होतो. पेटी उघडली. चांदी आली होती. काय सांगायचं त्यात आणखी?"

"कशी होती?"

"सुईसारखी. बारीक." त्यांचा हात सवयीने वर गेला. "आणि उन्हात धरली की अशी लखलख…"

सूनबाईने तळहात उंबऱ्यावरच्या उन्हात पुढे केला होता. ती काहीही बोलली नाही. तिने तळहात किंचित कलता केला, एवढेच. काळ्या, तुळतुळीत शेंगेवर उभे राहिलेले असंख्य केसाएवढे काटे एकदम पेटले, विझले आणि पुन्हा पेटले.

आप्पांचा हात हवेत तसाच राहिला.

त्यांनी वाकून शेंग नाकाशी नेली. वास घेतला. बराच वेळ घेतला. मग त्यांनी मान वर केली, तेव्हा सूनबाईने आपली नजर अंगणातील वेलींकडे वळविली होती. ज्याने चांदी एकदा डोळ्यांनी पाहिली आहे, तो तिला पाहून काडेपेटी मागवणार नाही, ही गोष्ट त्या क्षणी खोलीतील तिघांनाही समजली होती. आईंनी घातलेली घडी मोडली आणि तेच कांबळे पुन्हा घडी करावयास घेतले.

"सापडली एकदाची!" थोरला आत येत म्हणाला. तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहून तो दारातच थबकला.

"बरं झालं," आई म्हणाल्या. "चहा ठेव त्या काडीनं. बाई येतायत."

पारखीबाई आल्या त्या नेहमीप्रमाणे आवाज करीत आल्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, गळ्यात दोरीला अडकविलेले भिंग. त्यांनी चप्पल काढता काढताच विचारले, "काय नाकवाले, नाक अजून जागेवर आहे ना?"

"आहे. गुडघे गेले."

"गुडघ्यांनी वास घ्यायचा नसतो, चालेल. चहा नंतर द्या गं, तोंड कोरं असू दे."

त्यांनी डोळे मिटून पेटीवर तोंड नेले. मग डोळे उघडले. भिंग लावले. एक शेंग उचलून त्या दारापाशी गेल्या आणि उन्हात फिरवून पाहत राहिल्या. थोरल्याने हातातील चहाचा ट्रे भिंतीलगतच्या बाकावर ठेवला.

"नाकवाले," पारखीबाई म्हणाल्या, "अखेर दाखवलीत म्हणायची! इतकी वर्षं मी बाजारात सांगत आले, हा माणूस थापा मारतो. एवढी चांदी तर मलाही फार वेळा बघायला मिळाली नाही. ती कारखान्यात जाणार नाही, मी माझ्या टेबलावर ठेवीन. म्हणजे तुमचं ते वखारीचं पुराण खरं होतं तर!"

सूनबाई तात्काळ पुढे झाली. "आप्पांच्या देखरेखीखालीच झालं सगळं, बाई. रोज उन्हात खुर्ची टाकून बसायचे."

यातील एकही शब्द खोटा नव्हता. आप्पांनी केवळ मान हलवायची होती. तेवढ्यावर त्यांची चांदी जन्मभरासाठी खरी झाली असती, आणि घरातील कोणीही त्याविषयी कधी ब्र काढला नसता. आई तर हसून "घ्या आता चहा" असे म्हणून विषय संपविण्याच्या बेतातही होत्या.

आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला व पुन्हा लावला.

"नाही, बाई."

"काय नाही?"

"वखारीत चांदी आली होती, ते खरं. पण पेटी मालकाची होती. माझ्यासारख्या हमालाला आत कोण घेणार? मी दाराबाहेर उभा होतो. आतले लोक काय म्हणाले, तेवढं ऐकलं. सुईसारखी. लखलखते. ते शब्द मी घेतले." त्यांनी पेटीकडे पाहिले. "डोळ्यांनी मी आज पहिल्यांदा पाहिली. आणि पाहिली तेव्हा बुरशी म्हणून जाळायला निघालो होतो."

पारखीबाईंनी डोळ्यावरचे भिंग खाली सोडले.

"मग ही कोणाची?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

"हिची." आप्पांनी सूनबाईकडे बोट केले नाही, पूर्ण हात केला, जसा एखाद्या मोठ्या माणसाची ओळख करून देताना करतात. "ही माझ्या सुनेच्या हातची चांदी आहे. या घरात आलेली पहिली."

वखारीची गोष्ट त्यांनी असंख्य वेळा सांगितली होती. परंतु ती सांगताना त्यांचा आवाज इतका भरदार झालेला त्या घराने कधी ऐकला नव्हता. जिने ती गोष्ट संसारभर ऐकली होती, त्या आईंनी डोळ्यांना पदर लावला आणि शेगडीच्या धुराला दोष दिला. शेगडी तर पलीकडच्या खोलीत होती.

पारखीबाई सूनबाईकडे वळल्या. "काय केलंस गं असं?"

"घाई नाही केली."

"बस? एवढंच?"

"आणि आप्पांची बोलणी खाल्ली."

"ती मीही पुष्कळ खाल्लीत," पारखीबाई म्हणाल्या, "माझ्यावर कुठे चांदी आली?"

तेव्हा सर्व जण हसले, आप्पा सर्वांत शेवटी परंतु सर्वांत अधिक वेळ. चहा निवालेला होता. पारखीबाईंनी तो तसाच घेतला आणि बशी खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "ही खोली बंद करणार आहात असं कानावर आलं होतं?"

"कोण म्हणतं?" आप्पा उसळून म्हणाले. "लोकांना कामधंदे नाहीत."

आईंनी थोरल्याकडे पाहिले आणि थोरल्याने छताकडे.

पेटी घेऊन पारखीबाईंची गाडी धूळ उडवीत दूर गेली. थोरला आणि आई बाईंना पोहोचवून परत आले, तेव्हा आप्पा व सूनबाई रिकाम्या स्टुलाच्या दोन बाजूंना उभे होते. आप्पा म्हणाले,

"पुढच्या हंगामात तुला गुंडाळायला माणूस लागेल."

"लागेल."

"उचलायचं मला जमणार नाही. पण बसून गुंडाळायचं काम होईल माझ्यानं. ठेवशील का?"

कोणी नवा गडी कामाला आला, की आप्पा त्याला आपादमस्तक न्याहाळीत, त्याचे हात उलटेपालटे करून पाहत आणि मगच होकार देत. सूनबाईने सासऱ्यांचे हात आपल्या हातांत घेतले, उलटे केले, सुलटे केले, आणि गंभीर मुद्रेने विचार केला.

"ठेवीन," ती म्हणाली. "पण उन्हातून कधी काढायच्या, ते मी सांगणार."

"तू सांगशील तेव्हा."

"आणि मध्येच ओरडायचं नाही."

येथे मात्र आप्पांनी चष्मा काढून पुन्हा एकदा पुसला.

"प्रयत्न करीन," ते म्हणाले, आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारून बाकावर बसते झाले.

"अहो, हंगामाला अजून अवकाश आहे!" आई म्हणाल्या.

"असेना. हात बसायला नको?"

*

ज्या वाचकांनी आपला अमूल्य वेळ खर्चून ही हकीकत अखेरपर्यंत वाचली, त्या सर्वांचे मी अंतःकरणापासून आभार मानतो. यातील सूनबाई ही माझी पत्नी होय, हे नमूद करण्याचा मोह मला आवरता आला नाही, त्याबद्दल क्षमस्व.

आपला ऋणी,
त्या घरचा थोरला